जटाबुवांचे तीन एक्स-रे

मागच्या दिवाळीत माझ्या जावयाने याच सदरात एक अनुभव लिहिला होता. सासूबाईंच्या अमेरिकन बाहुलीचा तुटलेला हात आतून आपोआप जुळला, असा. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी तो वाचलाय. ती बाहुली माझ्या घरातली, आणि सासूबाई म्हणजे माझी बायको मालती. जावयाने ते माझ्या मुलीकडून ऐकलं, मुलीने तिच्या आईकडून, आणि आईने माझ्याकडून. त्यात एक वाक्य आहे – 'आईंच्या एका ख्रिश्चन मैत्रिणीच्या निष्काळजीपणामुळे हात तुटला.' ते वाक्य खोटं आहे. आणि ते माझं आहे. बाकी सगळं मात्र खरं आहे... म्हणूनच लिहायला बसलोय.

आधी हे सांगतो की असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. मी एक्स-रे टेक्निशियन. उभा जन्म माणसांच्या आत बघण्यात गेला. आत हाडं असतात, हवा असते, क्वचित पोराने गिळलेलं नाणं असतं. भुताची, करणीची, दृष्टीची फिल्म येत नाही. ज्याची फिल्म येत नाही ते नाही, इतका साधा माझा कारभार.

१९९२ ते २००३ आम्ही अमिरातीत, अल ऐनला होतो. मी तिथल्या एका हॉस्पिटलात, मालती घरी, आणि मुलगी केतकी शाळेत. फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर होता, बाल्कनीतून जबल हफीतचा डोंगर दिसायचा. खालच्या मजल्यावर कॅरल नावाची अमेरिकन बाई राहायची. मूळची ॲरिझोनाची, अल ऐनला इंग्रजी शिकवायची. तिच्या हॉलच्या भिंतीवर रंगीत लाकडी बाहुल्या टांगलेल्या होत्या. मालती पहिल्यांदा साखर मागायला गेली ती दोन तासांनी वर आली, तेही साखर न घेता.

"अहो, खाली चला. नुसतं बघा तरी!"

त्या कचिना बाहुल्या. कॅरलने सांगितलं ते असं – ॲरिझोनाच्या वाळवंटात होपी लोकांची गावं आहेत. त्यांच्या श्रद्धेप्रमाणे कचिना म्हणजे पाऊस-पाणी, पीक, आरोग्य घेऊन येणाऱ्या शक्ती. वर्षातले काही महिने त्या गावात वस्तीला येतात आणि उन्हाळ्यात परत आपल्या डोंगरावर जातात. प्रत्येकीचं रूप वेगळं. मुलींना ती रूपं ओळखता यावीत म्हणून त्यांच्या बाहुल्या कोरून भेट देतात, आणि मुली त्या भिंतीवर टांगतात. बाहुली म्हणजे देव नव्हे, ओळख.

मालतीने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे गौरीसारख्याच की! माहेरपणाला यायचं आणि जायचं."

त्या दिवसापासून आमच्याकडे बाहुल्या जमायला लागल्या. कॅरल सुट्टीवर गेली की एखादी आणायची. अमेरिकन कुटुंबं देश सोडताना घरातलं सामान विकायची, तिथे मालती सगळ्यांच्या आधी हजर. बाकीच्या बायका मिक्सर आणि पडदे बघायच्या, ही बाहुल्या. तिची नजर अशी होती की मला आजही कौतुक वाटतं. शाळेत चित्रकलेत जेमतेम पास झालेली बाई, पण रंग मातीचा आहे की डब्यातला, हे ती लांबून सांगायची. होपी बाहुली शक्यतो एकाच मुळातून कोरतात – कॉटनवुड नावाच्या झाडाच्या मुळातून, जे पाण्याच्या शोधात लांबवर जातं. "आपल्या इथल्या वाळवंटातल्या गाफच्या झाडासारखं," मालती म्हणायची. नवाहो लोकांच्या बाहुल्या वेगळ्या. त्यांची ही मूळ परंपरा नाही; ते विक्रीसाठी करतात, तुकडे जोडून, चामडं-लोकर-पिसं लावून. जाणकार त्यांना नावं ठेवतात. मालतीने कधी ठेवली नाहीत. "कोणीतरी मांडी घालून दिवसभर बसून केलंय ना? मग झालं."

कॅरल कायमची परत गेली तेव्हा तिने आपल्या भिंतीवरचा सर्वांत आवडता कचिना मालतीच्या हातात दिला. तो कोरणाऱ्या म्हाताऱ्याच्या घरी जाऊन तिने स्वतः घेतलेला. वीतभराहून थोडा उंच. पाठीवर लांब मोकळे केस, काळी दाढी, निळसर चेहरा, आणि उजव्या हातात खुळखुळा. हा वारा-वादळाशिवायचा, संथ पाऊस आणतो म्हणे. मालतीने त्याचं नाव ठेवलं जटाबुवा. त्याचा तो कोपरात वाकलेला हात... कसा सांगू? मी हजारो कोपरं बघितलीयत. ते कोपर खरं होतं. आता खुळखुळा हलणार, असं वाटायचं.

हा पुढे केतकीला द्यायचा, हे मालतीने तेव्हाच ठरवलं. "ही इज माइन?" केतकीने विचारलं. "लग्न झाल्यावर," मालती म्हणाली. "दॅट्स नॉट फेअर, आई!"

पहिला एक्स-रे याच सुमारास काढला. एका सेलमध्ये एक गृहस्थ मालतीला म्हणाले, वाकलेला हात म्हणजे जोडलेला, म्हणजे नवाहो. मालती दोन दिवस धुमसत होती.

"तुम्ही एक्स-रे काढा ना! एवढी लोकांची हाडं बघता."

शुक्रवारी सुट्टीच्या दिवशी डिपार्टमेंट रिकामं असायचं. लाकडाला किरण अगदी हलके लागतात, चारदा प्रयत्न केल्यावर फिल्म जमली. लाइटबॉक्सवर लावली आणि मी बघतच राहिलो. खिळा नाही, सांधा नाही. मुळाच्या वाढीच्या बारीक रेषा खांद्यातून निघून कोपरात वळत होत्या आणि मुठीपर्यंत जात होत्या. म्हणजे त्या म्हाताऱ्याने हात वाकवला नव्हता. जमिनीखाली मूळच तिथे वळलं होतं, आणि त्याने ते ओळखून बाकीचा माणूस त्या हाताभोवती कोरला होता. छातीत एक छोटी गाठ होती, बदामाएवढी. मी पुष्कळ चांगल्या सर्जनांचं काम बघितलंय, पण त्या फिल्मसमोर मी उभा राहून नमस्कार केला. खोटं नाही.

आता फ्लोरी. फ्लोरी आमच्याच हॉस्पिटलात नर्स, वसईची. मालतीची जिवाभावाची मैत्रीण. दोघी आठवडी बाजारात जायच्या, भांडायच्या, परत यायच्या. चैत्रात मालती चैत्रगौर बसवायची. ओमानच्या कैऱ्या आणून आंब्याची डाळ, पन्हं, आणि गौरीपुढे आरास. आपल्याकडे आराशीत खेळणी-बाहुल्या मांडतात, तशा हिने कचिना मांडल्या. पहिल्या वर्षी त्यांना हळदीकुंकू लावायला निघाली तेव्हा कॅरल घाबरली, म्हणाली की हे बरोबर दिसणार नाही. मालतीने लगेच हात मागे घेतला. "बरं, ते पाहुणे. पाहुण्यांना आपला धर्म लावू नये."

पुढे कॅरल गेल्यावर बुवाही आराशीत आले, तेव्हा फ्लोरी म्हणाली, "ऐकलंस ना, मालू? मला आणि बुवांना कुंकू नको. डाळ मात्र दोन-दोन वाट्या पाहिजे."

"बुवांची वाटी कोण खाणार गं, फ्लोरे?"

"मीच. बुवांचा उपास आहे."

हे दर वर्षी व्हायचं. आणि दर वर्षी सगळ्या बायका हसायच्या.

१९९६ च्या महाराष्ट्र दिनानिमित्त दुबईत, बर दुबई भागातल्या एका हॉलमध्ये मराठी मंडळींनी छंदांचं प्रदर्शन भरवलं. मालतीच्या बाहुल्यांना दोन टेबलं मिळाली. एक मालती सांभाळणार होती, एक फ्लोरी. दोघी केतकीला घेऊन आदल्या दिवशीच गेल्या. मी बाहुल्या घेऊन शुक्रवारी सकाळी निघायचं, असं ठरलं. मालतीने बजावलं होतं, "बाकीच्या खोक्यात चालतील. बुवा मागे टाकायचे नाहीत. पुढच्या सीटवर, पट्टा लावून."

मी तसंच केलं. शहराबाहेर पेट्रोल पंपावर थांबलो. पंपावरचा खान खिडकीतून वाकला.

"साब, ये बुजुर्ग कौन है? बेल्ट भी लगाया है!"

"बीवी का है," मी म्हटलं.

"बीवी का बाप? तो फिर संभाल के चलाना, साब!"

मागच्या गाडीत आमच्याच हॉस्पिटलचे तिघे होते. तेही खिडकी खाली करून हसायला लागले. एक म्हणाला, "यल्ला, चला, सासऱ्यांना उशीर होतोय!" एवढंच. यात रागावण्यासारखं काय होतं? पण मला लाज वाटली. थोडं पुढे जाऊन गाडी कडेला घेतली, बुवांना डिकीत ठेवलं – पाण्याचे कॅन, जॅक आणि स्टेपनीच्या शेजारी – आणि निघालो. दुबईत शिरताना एका राउंडअबाउटला एक पिकअप आडवा आला. मी ब्रेक दाबला. मागे कॅन सरकल्याचा आवाज झाला.

हॉलच्या मागे डिकी उघडली तर हात कोपरापासून वेगळा पडला होता.

मी समोरच्या दुकानातून चिकटवायची ट्यूब आणली आणि तिथेच, डिकीत वाकून, हात चिकटवला. मिनिटभर धरून ठेवला. वरून काही कळत नव्हतं. तेवढ्यात फ्लोरी बाहेर आली.

"भावोजी, बुवा आले का? द्या इकडे. माझ्या टेबलावर मधली जागा ठेवलीय."

"हाताला धरू नकोस," मी म्हटलं. "लाकूड जुनं आहे."

तिने तान्हं मूल घ्यावं तसं दोन्ही हातांनी घेतलं. दिवसभर लोक बघून गेले. संध्याकाळी फ्लोरीनेच त्यांना टॉवेलात गुंडाळून खोक्यात ठेवलं. घरी येऊन मालतीने टॉवेल सोडला आणि हात तिच्या तळव्यात आला.

ती ओरडली नाही. नुसती बसली. मग विचारलं, "पॅक कोणी केलं होतं?"

"फ्लोरीने," मी म्हटलं.

बघा, यात एक अक्षर खोटं नाही.

मालतीने फ्लोरीला जाब विचारला नाही. तसा तिचा स्वभावच नव्हता. ती वाट बघत होती की फ्लोरी आपणहून सांगेल. आणि फ्लोरीला सांगण्यासारखं काही माहीतच नव्हतं. हळूहळू बाजार बंद झाला, फोन बंद झाले. पुढच्या चैत्रात सगळ्यांना बोलावणं गेलं, फ्लोरीला नाही. हात फ्लोरीने तोडला, असं मात्र मालतीने केतकीला सांगितलं.

आणि मी? मी घरचा हिरो झालो. ऑर्थोपेडिक विभागातून के-वायरचा तुकडा मागून आणला. हाड जोडताना घालतात ती स्टीलची बारीक तार. दोन्ही बाजूंनी भोक पाडून आत बसवली, सांधा चिकटवला, रंग जुळवला. कोपरावर केसाएवढी रेघ तेवढी राहिली. हाड बसवल्यावर चेक फिल्म काढायची आमची सवय, तशी काढली. हा दुसरा एक्स-रे. त्यात तार लख्ख पांढरी दिसते आणि वाढीच्या रेषा कोपरात तुटलेल्या दिसतात. मालतीने फिल्म उजेडाकडे धरून बघितली आणि म्हणाली, "तुमच्या हातात जादू आहे." 

दोन वर्षांनी फ्लोरी नोकरी सोडून वसईला परत चालली होती. निघायच्या आधी ती डिपार्टमेंटमध्ये आली.

"भावोजी, मी ख्रिश्चन आहे म्हणून का हो? कोणी काही बोललं का तिला?"

"छे, छे. तसं काही नाही," मी म्हटलं.

"मग?"

मी दुसऱ्या पेशंटचं नाव पुकारलं. तिने वसईचा फोन नंबर लिहून माझ्या खिशात घातला. "मालूला द्या. वाटलं कधी तर करील." मी तो मालतीला दिला नाही. फेकलाही नाही. दोघी बोलल्या असत्या तर फ्लोरीने सहज म्हटलं असतं की भावोजींनीच मला आधी सांगितलं होतं हाताला धरू नको म्हणून... आणि मालती हुशार होती.

२००३ साली आम्ही देश सोडायला निघालो. तेव्हा विमानतळावर तपासणी कडक झाली होती. मालतीला काळजी – सामानाच्या मशीनमध्ये बुवांच्या आत तार दिसली आणि त्यांनी कापून बघितलं तर?

"एक नवा एक्स-रे काढून बरोबर ठेवू. दाखवता येईल की साधी तार आहे."

पुन्हा शुक्रवार, पुन्हा रिकामं डिपार्टमेंट. मालती बुवांना शालीत गुंडाळून बरोबर आली होती. मी फिल्म काढली, मशीनमधून बाहेर आली, लाइटबॉक्सवर लावली.

तार नव्हती.

मला वाटलं जुनी फिल्म मध्ये आली. फिल्मची दुसरी कॅसेट घेतली. बुवांच्या हाताशेजारी माझा स्वतःचा हात ठेवला, अंगठीसकट, आणि पुन्हा काढली. अंगठी दिसत होती. माझी बोटं दिसत होती. छातीतली ती बदामाएवढी गाठ तिथेच होती, म्हणजे बाहुली तीच. तार नव्हती. तार निसटली असती तर भोक दिसलं असतं, भोकही नव्हतं. रेषा खांद्यातून निघून कोपरात वळत मुठीपर्यंत जात होत्या. पहिल्या फिल्मसारख्याच. आणि बाहेरून बघावं तर कोपरावर ती केसाएवढी रेघ तशीच.

कॉरिडॉरमधून आमचे इजिप्शियन रेडिओलॉजिस्ट चालले होते. मी काही न सांगता फिल्म दाखवली.

"हे काय आहे, हबीबी?"

"लाकूड आहे, डॉक्टर. फ्रॅक्चर दिसतं का?"

त्यांनी चष्मा वर करून नीट बघितलं. "नो फ्रॅक्चर. नो मेटल. खलास, पेशंटला घरी पाठव."

मालती बराच वेळ फिल्मसमोर उभी होती. तिने त्या रेषांवरून बोट फिरवलं, खांद्यापासून मुठीपर्यंत. मग म्हणाली, "बघा, याने सोडूनसुद्धा दिलं. मीच धरून बसले होते."

थोड्या वेळाने म्हणाली, "अहो, फ्लोरीचा नंबर मिळेल का हो कुठे?"

तो नंबर माझ्या पाकिटात होता. त्या क्षणी, त्या खोलीत, माझ्या खिशात. सांगायची यापेक्षा चांगली वेळ मला कधीच मिळाली नसती. पण मी काय विचार केला सांगू? मी विचार केला की आता तारही नाही. आता काही झालंच नव्हतं. आपण सुटलो.

"ती आता कुठे असेल कोणास ठाऊक," मी म्हटलं.

विमानतळावर कोणी काही विचारलं नाही. केतकीच्या लग्नात बुवा तिच्या नावावर झाले, पण तिची सतत गावं बदलायची, म्हणून ते पुण्यात आमच्याच भिंतीवर राहिले. मालती जाऊन आता सात वर्षं झाली. शेवटच्या आजारात ती एकदा म्हणाली होती, "फ्लोरी डाळ करत असेल का गं बाई?" खोलीत मी एकटाच होतो. मला ऐकू आलं नाही असं मी दाखवलं.

जावयाचा लेख आल्यावर त्याखाली एका वाचकाने लिहिलं होतं – 'त्या लोकांना काय कळणार आपल्या वस्तूंची किंमत.' त्यावर आणखी कोणीतरी 'अगदी बरोबर' म्हटलं होतं. ते वाचून मी केतकीला फोन केला आणि सगळं सांगितलं. 

"यू लेट हर टेक द ब्लेम? ऑल दीज इयर्स, बाबा?"

"हो."

"बुवा माझे आहेत ना? देन आय ॲम गिव्हिंग हिम टू फ्लोरी आंटी. तुम्ही जाऊन द्या. कुरियर नाही. तुम्ही."

नंबर बदलला होता. वसईला जाऊन चर्चपाशी विचारलं तेव्हा घर सापडलं. फ्लोरीने दार उघडलं, केस पांढरे झालेले, पण ओळखलं लगेच. "भावोजी! मालू कुठाय?"

मी सांगितलं. मग बाकीचंही सांगितलं, पंपावरच्या खानापासून ते पाकिटातल्या नंबरपर्यंत. तिन्ही फिल्म दिल्या. तिने त्या एकेक करून खिडकीशी धरल्या. नर्सच ती, तिला काही समजावून सांगावं लागलं नाही.

"वायर कुठे गेली?"

"माहीत नाही."

"म्हणजे मी ख्रिश्चन म्हणून नव्हतं."

"नाही, फ्लोरी. कधीच नाही."

"मी इथे येऊन किती वर्षं कोणा हिंदूच्या घरी सणाला गेले नाही, माहितीये तुम्हाला?" ती माझ्याकडे न बघता म्हणाली. "बोलावतील आणि मग बोलवायचे बंद होतील, त्यापेक्षा नकोच."

मग तिने विचारलं, "तिने माझं नाव काढलं होतं?"

मी डिपार्टमेंटमधलं ते वाक्य सांगितलं, आणि डाळीचंही. तेव्हा ती उठून आत गेली. मला वाटलं, आता येणार नाही. ती हातोडी आणि खिळा घेऊन आली. "यांना उभं ठेवत नाहीत, टांगतात. मालूने सांगितलं होतं." खिडकीशेजारी, मेरीमातेच्या तसबिरीपासून थोडं लांब, तिने खिळा ठोकला आणि बुवांना टांगलं. मी मदतीला पुढे झालो तर म्हणाली, "नको. मला येतं."

मग म्हणाली, "चैत्रात डाळ मी करीन. केतकीला फोन करून बोलावीन. तिला सांगा, दोन वाट्या."

मला बोलावलं नाही. मीही विचारलं नाही.

तर वाचकहो, एवढंच. लाकडाच्या आतली स्टीलची तार कुठे जाते, तुटलेल्या रेषा पुन्हा कशा जुळतात, आणि आतून जुळल्या तर बाहेरची रेघ का राहते, हे मला आजही माहीत नाही. मी विचार करून थकलोय. तिन्ही फिल्म आता फ्लोरीकडे आहेत, ज्याला बघायच्या असतील तो बघू शकतो. मधल्या फिल्ममध्ये तार आहे. ती मी घातली होती, आणि का घालावी लागली ते मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.